सी ड्राइव्ह लाल झालाय! फॉरमॅट न करता पार्टिशन वाढवता येईल का?

अबोली

नमस्कार मंडळी,

घरचा डेस्कटॉप बऱ्याच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला आहे. १ टीबीची एकच हार्ड डिस्क, विंडोज १०. जोडून देणाऱ्याने तेव्हाच सी, डी, ई, एफ असे भाग पाडून दिले होते. सी ९७.६ जीबी, बाकीचे तीन प्रत्येकी २७७ जीबीच्या आसपास. आता सीवर जेमतेम दीड जीबी उरलंय. पट्टी लाल, अपडेट होत नाही, ब्राउझरसुद्धा मध्येच रुसतो.

डीवर मुलांचे फोटो आणि सासऱ्यांच्या कीर्तनांची रेकॉर्डिंग्ज आहेत, सगळं मिळून १४० जीबी. ही रेकॉर्डिंग्ज दुसरीकडे कुठेच नाहीत. ईवर सिनेमे, एफ जवळजवळ रिकामा.

भाचा म्हणतो, "मामी, डीवरचं सगळं एफवर टाक, डी डिलीट कर, सीवर राइट क्लिक करून एक्स्टेंड म्हण, दोन मिनिटांचं काम आहे." दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. दोघांचंही ऐकायची हिंमत होत नाहीये. अनुभवी लोकांनी सांगा.

टकाटक

फॉरमॅट मारा, सुखी व्हा. दर दोन वर्षांनी मारतो मी.

खडकवासला

@टकाटक, त्यांनी "फॉरमॅट न करता" असं शीर्षकातच लिहिलंय हो. शीर्षक तरी वाचत जा.

अबोलीताई, भाच्याला म्हणावं जरा दमानं. डीवरून एफवर कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एकच आहे. एकाच कपाटाच्या वरच्या खणातले दागिने खालच्या खणात ठेवले, एवढंच झालं त्याने. आधी बाहेरची हार्ड डिस्क आणा, कुणाकडून उसनी आणा, पण रेकॉर्डिंग्ज तिच्यावर गेल्याशिवाय माउसला हात लावू नका.

जुनाट_पेंटियम

खडकवासला यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता ताई, एक काम करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि खालच्या अर्ध्या भागातल्या आडव्या पट्ट्यांचा फोटो काढून ठेवा. हा फोटो पुढे काही बिघडलं तरी कामाला येतो, कारण कुठला भाग केवढा होता हे नंतर आठवत नाही.

मला त्यातलं एवढंच सांगा: डी, ई, एफ या तिघांभोवती मिळून एक हिरवी चौकट आहे का?

९७.६ हा आकडा बघून हसू आलं. बसवणाऱ्याने १००००० एमबी असं टाइप केलंय. भागिले १०२४ करा, बरोब्बर तेवढेच येतात. अर्ध्या महाराष्ट्रातल्या असेंबल्ड मशीनवर हाच आकडा सापडेल.

अबोली

काका, हो! तिघांभोवती गडद हिरवी चौकट आहे. सी त्याच्या बाहेर, डावीकडे. त्याच्यावरची पट्टी गडद निळी, बाकीच्यांची फिकट निळी. याचा अर्थ काय?

जुनाट_पेंटियम

अर्थ असा, की भाच्याचा उपाय तुमच्या मशीनवर चालणार नाही, आणि डी मात्र जाईल.

जरा सविस्तर सांगतो, कारण हा घोळ फार जणांचा होतो. तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. या जुन्या पद्धतीत डिस्कवर फक्त चार मुख्य नोंदींची जागा असते. जास्त भाग हवे असतील तर त्यातली एक नोंद "एक्स्टेंडेड" करायची आणि तिच्या पोटात हवे तेवढे लॉजिकल ड्राइव्ह पाडायचे. तुमची हिरवी चौकट म्हणजे ते एक्स्टेंडेड. डी, ई, एफ त्याच्या पोटात आहेत.

डी डिलीट केलात की ती जागा मोकळी होईल, पण हिरव्या चौकटीच्या आतच राहील. तिथे फिकट हिरवा रंग आणि "फ्री स्पेस" असं दिसेल. सीला वाढायला लागते ती "अनअलोकेटेड" जागा, काळ्या पट्टीची, सीला उजवीकडून अगदी चिकटलेली आणि कुठल्याही चौकटीच्या बाहेरची. त्यामुळे एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय राखाडीच राहणार. मग लोक घाबरून ई डिलीट करतात, मग एफ. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

भाच्याची बाजूही सांगतो. विंडोजने स्वतः भाग पाडले असते तर पहिले तीन प्रायमरी आणि पुढचे एक्स्टेंडेडमध्ये जातात. तशा मशीनवर डी प्रायमरी निघू शकतो आणि त्याची युक्ती चालते. त्याच्या घरी चाललीही असेल. तुमच्याकडे कुणीतरी बूट सीडीवरच्या टूलने काम केलेलं दिसतंय.

चकली_न्यूजर्सी

रोचक! वाचनखूण साठवली. आमच्याकडे मॅक आहे, तिथे एपीएफएस या ॲपलच्या फाइल-मांडणीमुळे एकाच कंटेनरमधले सगळे व्हॉल्यूम जागा वाटून घेतात, त्यामुळे ही भानगडच नाही. (जळवायला नाही हो लिहिलं.)

खडकवासला

जळवायलाच लिहिलंय.

अबोलीताई, पार्टिशनला हात लावायच्या आधी सी खरंच भरलाय की कचऱ्याने भरलाय ते बघा. ९७ जीबी विंडोज आणि ऑफिसला कमी नाहीत. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज इथे जाऊन बघा काय खातंय. हायबरनेशनची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, तुमची रॅम ८ जीबी असेल तर तीन जीबीच्या वर तिथेच गेले. ती बंद करायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून "पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ" (अर्थात रोमनमध्ये टाइप करा). डाउनलोड्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. तिथून ते फोल्डर अख्खं दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचंही तसंच. डिस्क क्लीनअप उघडून "क्लीनअप सिस्टम फाइल्स" दाबा, जुन्या अपडेटचा गाळ त्यात निघतो.

फक्त कुणी सांगितलं म्हणून विनएसएक्सएस फोल्डरमध्ये जाऊन हाताने काही उडवू नका. तो दिसतो तेवढा मोठा नसतो, आणि उडवला तर विंडोजच झोपतं.

अबोली

केलं हे सगळं. मुलाच्या डाउनलोड्समध्ये काय काय होतं ते इथे लिहीत नाही. :) १७ जीबी मोकळे झाले. सध्या मशीन श्वास घेतंय. पण मुलीला आता कॉलेजसाठी जड सॉफ्टवेअर टाकायचंय, म्हणजे महिन्याभरात पुन्हा तेच. त्यामुळे सी वाढवायचाच आहे. काका, मग मार्ग काय?

जुनाट_पेंटियम

मार्ग आहे, आणि नीट केला तर धोका फार कमी आहे. आधी एक तत्त्व सांगतो, मग पायऱ्या.

पार्टिशनला दोन कडा असतात: डावी, म्हणजे सुरुवात, आणि उजवी, म्हणजे शेवट. उजवी कड आत-बाहेर करणं तुलनेनं हलकं काम. आकुंचन पावताना शेवटाकडच्या फाइल्स आत ओढल्या जातात, फाइल सिस्टमचा, म्हणजे फाइल्सच्या मांडणीचा, आकार बदलतो, पार्टिशनच्या नोंदींच्या टेबलातला आकडा बदलतो. डावी कड हलवायची म्हटलं की गोष्टच वेगळी. तिथे आतला सगळा माल ब्लॉकनं ब्लॉक उचलून दुसरीकडे मांडावा लागतो. २७७ जीबीचा भाग जुन्या फिरत्या डिस्कवर हलवायचा तर दीड-दोन तास सहज. वाचणारं आणि लिहिणारं डोकं तेच, ते सतत इकडून तिकडे पळत असतं. या दोन तासांत लाइट गेली तर अर्धा ड्राइव्ह जुन्या जागी, अर्धा नव्या जागी. तिथून परत येणं फार कठीण. पार्टिशन बदलताना डेटा गेल्याच्या ज्या कहाण्या ऐकतो, त्यातल्या बऱ्याचशा याच दोन तासांतल्या असतात.

म्हणून तुमच्यासाठी योजना अशी की कुठल्याही भरलेल्या पार्टिशनची डावी कड हलवायचीच नाही.

पहिलं, डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात "रीॲलोकेटेड सेक्टर्स" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळी बघा. पेंडिंग शून्य नसेल तर हा सगळा बेत रद्द. आजारी डिस्कला पळवायचं नसतं, आधी तिच्यावरचा डेटा बाहेर काढायचा.

दुसरं, डी, आणि जमलं तर ई-एफवरचंही कामाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या ताडून बघा. पाचदहा रेकॉर्डिंग्ज बाहेरच्या डिस्कवरून मध्यापासून वाजवून बघा. मग ती डिस्क काढून कपाटात. मशीनला लावलेली ठेवायची नाही, कारण पुढच्या पायरीत चुकीच्या डिस्कवर क्लिक होण्याची शक्यताच नको.

तिसरं, सीवर "चेकडिस्क" फिरवून घ्या आणि विंडोज पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून शटडाउन. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नुसतं शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, आणि अशा अर्धवट झोपलेल्या ड्राइव्हला बाहेरचं टूल हात लावायला नकार देतं. योग्यच आहे ते. तुम्ही हायबरनेशन बंद केलंयत, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही गेलंच आहे, तरी शिफ्ट दाबाच.

चौथं, जीपार्टेड लाइव्ह, म्हणजे पार्टिशन बदलायचं फुकट टूल. पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन चालू करायचं. पडद्यावर डिस्कचं नाव एसडीए वगैरे दिसेल, आकार बघून खात्री करा की तीच १ टीबीची डिस्क आहे. आता क्रमाने: डी डिलीट. मग एक्स्टेंडेड निवडून रीसाइझ, त्याची डावी कड १०० जीबी उजवीकडे. मी वर डावी कड हलवू नका म्हटलं ते भरलेल्या भागाबद्दल. इथे त्या कडेला लागून आता काहीच नाही, फक्त टेबलातल्या नोंदी बदलतात. मग सी निवडून त्याची उजवी कड त्या मोकळ्या जागेत. आणि हिरव्या चौकटीत जी पावणेदोनशे जीबी उरली, तिच्यात नवा लॉजिकल भाग, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) निवडून. तुमचे १४० त्यात मावतात.

जीपार्टेडमध्ये तुम्ही हिरव्या टिकवर क्लिक करेपर्यंत खरं काहीच होत नाही, खाली फक्त कामांची यादी तयार होते. ती यादी मोठ्याने वाचा. "मूव्ह" हा शब्द ई किंवा एफच्या नावापुढे दिसला तर थांबा, काहीतरी चुकलंय. रद्द करून पुन्हा करा.

नंतर विंडोज सुरू होताना सी तपासायला घेईल. ते होऊ द्या. मध्ये बटण दाबू नका.

पेंग्विन_पांडू

काकांनी सुंदर लिहिलंय. एक भर: एमबीआर डिस्कवर विंडोज ड्राइव्हची अक्षरं लक्षात ठेवतं ती डिस्कची सही आणि पार्टिशन कुठून सुरू होतं त्या जागेवरून. सी, ई, एफ यांची सुरुवात हलत नसेल तर अक्षरंही हलणार नाहीत आणि बूटही बिघडणार नाही. डी मात्र नव्याने जन्मलाय, त्याला कदाचित वेगळं अक्षर मिळेल. डिस्क मॅनेजमेंटमधून परत डी करून द्या, नाहीतर टॅलीचा डेटा पाथ, फोटोंच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट सगळे शोधत बसतील.

मालवणी_सुरमई

आणि लाइटचं बघा गो बाय! आमच्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका. डेस्कटॉप आहे म्हणजे बॅटरी नाही. यूपीएस नसेल तर घरच्या इन्व्हर्टरवर तरी लावा, आणि इन्व्हर्टरला मोड असतील तर यूपीएस मोडवर. साध्या मोडमध्ये तो एवढा उशिरा उचलतो की मशीन रीस्टार्ट होतं.

खडकवासला

पुण्यात असाल तर गुरुवारी करू नका एवढंच सांगतो. :)

टकाटक

एवढी उस्तवार करण्यापेक्षा ५०० जीबीची एसएसडी घ्या, विंडोज नव्यावर टाका, जुनी डिस्क डेटाला ठेवा. मशीन चौपट पळेल.

जुनाट_पेंटियम

@टकाटक, या वेळी तुमचं पटलं. पैसे असतील तर हाच सगळ्यात बरा मार्ग, कारण जुन्या डिस्कला हातच लागत नाही. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला आहे, पुढे कधीतरी मशीनचाच विचार करावा लागणार आहे. पण ताईंना आत्ता खर्च करायचा नसेल तर वरची पद्धत ठीक आहे.

तात्पुरता_आयडी

धागा ताब्यात घेतोय, माफी असावी. माझा प्रश्न उलटा आहे. नवा लॅपटॉप, ५१२ ची एसएसडी, एकच सी ड्राइव्ह ४७५ जीबीचा. मला डी करायचाय. जागा ३८० जीबी रिकामी आहे, पण श्रिंक व्हॉल्यूम म्हटलं की म्हणतो फक्त ४१ जीबी कमी करता येतील. का?

पेंग्विन_पांडू

कारण मध्येच कुठेतरी न हलणारी फाइल बसलीय. विंडोज चालू असताना काही फाइल्सना हलवता येत नाही: पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टम रिस्टोअरच्या प्रती. यातली शेवटची जिथे असेल, तिच्या अलीकडे श्रिंक जात नाही, मग पुढे कितीही मोकळं असो.

नक्की कोण आडवं आलंय ते विंडोज स्वतःच सांगतं, पण विचारल्याशिवाय नाही. श्रिंकचा प्रयत्न करा, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव असतं. मग त्यानुसार हायबरनेशन बंद, पेजफाइल तात्पुरती बंद, सिस्टम रिस्टोअर बंद, रीस्टार्ट, श्रिंक, आणि झालं की तिन्ही परत चालू. परत चालू करायला विसरू नका, रिस्टोअर पॉइंट नसलेला लॅपटॉप ऐन वेळी दगा देतो.

जुनाट_पेंटियम

नवा लॅपटॉप आहे तर आधी बघा डिस्क एन्क्रिप्टेड आहे का. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही "डिव्हाइस एन्क्रिप्शन" असतं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की ते अनेकदा आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटला बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप) असतानाही श्रिंक जमतं. पण बूटच्या बाबतीत त्याला काही वेगळं वाटलं तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी लॉगिन करून, कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. आणि कामापुरतं बिटलॉकर सस्पेंड करा. जीपार्टेड अशा एन्क्रिप्टेड भागाचा आकार बदलू शकत नाही, तेव्हा तो रस्ता तुम्हाला नाहीच.

आता न विचारलेलं मत. डी कशाला हवाय? पूर्वी विंडोज दर वर्षी फॉरमॅट व्हायचं, तेव्हा डेटा वेगळा ठेवण्यात अर्थ होता. आता एकाच एसएसडीवर सी आणि डी पाडून वेग वाढत नाही, डिस्क गेली तर दोन्ही एकदमच जातात, आणि काही वर्षांनी तुम्ही इथेच "सी लाल झालाय" म्हणून धागा काढणार. अख्खा सी ठेवा आणि त्या पैशांत... अरे हो, इथे पैसे नाहीतच. मग त्या वेळात बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या.

तात्पुरता_आयडी

काका, तुमचं म्हणणं पटतंय पण बाबांना डी लागतो. "माझ्या फाइल्स कुठायत" याचं उत्तर त्यांना "डीमध्ये" असंच हवं असतं. बाकी पांडूभाऊ, २५९ मध्ये पेजफाइलचं नाव सापडलं. बंद करून रीस्टार्ट केल्यावर १८० जीबी देतोय!

जुनाट_पेंटियम

बाबांसाठी असेल तर माझे शब्द मागे. डी पाहिजेच.

मालवणी_सुरमई

माझंही एक. लॅपटॉपवर सी आणि डी आहेत, डी रिकामा होता म्हणून डिलीट केला. काळी पट्टी आली, तरी एक्स्टेंड राखाडीच. हिरवी चौकट कुठेच नाही. सी आणि काळ्या पट्टीच्या मध्ये ५२९ एमबीचं "रिकव्हरी" बसलंय. ते डिलीट करायचा पर्यायही राइट क्लिकमध्ये येत नाही.

जुनाट_पेंटियम

हा जीपीटी, म्हणजे एमबीआरनंतरच्या नव्या पद्धतीच्या, डिस्कवरचा नेहमीचा किस्सा. हिरवी चौकट नसणार, कारण जीपीटीत एक्स्टेंडेड हा प्रकारच नाही, विंडोज तिथे १२८ पर्यंत पार्टिशन पाडू देतं. तुमच्याकडे अडसर आहे तो विंडोजच्या दुरुस्ती वातावरणाचा भाग, ज्याला विनआरई म्हणतात. मशीन बूट होत नाही तेव्हा जो निळा "ट्रबलशूट" पडदा येतो, तो तिथे राहतो.

याच छोट्या भागाने जानेवारी २०२४ मध्ये जगभर डोकेदुखी केली होती. विंडोज १० साठी केबी५०३४४४१ हे अपडेट आलं, बिटलॉकर चुकवता येईल अशी एक फट बुजवायला. त्याला विनआरईच्या भागात २५० एमबी मोकळी जागा लागत होती. अनेक मशीनवर तेवढी नव्हतीच, आणि अपडेट ०एक्स८००७०६४३ असा एरर देऊन पडायचं. एररवरून कुणालाही कळेना की मामला जागेचा आहे. शेवटी मायक्रोसॉफ्टने लोकांनी स्वतः पार्टिशन वाढवावं म्हणून पायऱ्या प्रसिद्ध केल्या. घरगुती माणसाला डिस्कपार्ट (कमांड टाइप करून चालवायचं पार्टिशनचं टूल) उघडायला लावणं हा जरा अतिरेकच होता, पण त्या पायऱ्या तुम्हाला आता उपयोगी पडतील.

थोडक्यात क्रम. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये "रीएजंटसी स्लॅश इन्फो". विनआरई कुठल्या डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवर आहे तो क्रमांक लिहून घ्या. लॅपटॉप कंपनीचा दहावीस जीबीचा फॅक्टरी रिकव्हरी भाग वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही, म्हणून हा क्रमांक महत्त्वाचा. मग "रीएजंटसी स्लॅश डिसेबल", याने विनआरईची फाइल सीवर परत येते. मग डिस्कपार्टमध्ये तो छोटा भाग निवडून "डिलीट पार्टिशन ओव्हरराइड". आता सीच्या उजवीकडे सलग काळी पट्टी. सी वाढवा, पण शेवटी १ जीबी सोडा. त्या जागेत नवा रिकव्हरी भाग करून "रीएजंटसी स्लॅश एनेबल".

नवा भाग करताना जो लांबलचक आयडी आणि ॲट्रिब्यूट द्यावे लागतात ते मायक्रोसॉफ्टच्या पानावरून कॉपी-पेस्ट करा. हाताने टाइप करायचे नाहीत. आणि डिस्कपार्टमध्ये प्रत्येक "सिलेक्ट"नंतर "लिस्ट" देऊन बघा की फुली... म्हणजे ते तारांकन, योग्य ओळीवर आहे. डिस्कपार्ट "खात्री आहे का" असं विचारत नाही.

पेंग्विन_पांडू

लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी, कुणी असलंच तर. कमी करताना आधी फाइल सिस्टम, मग पार्टिशन. वाढवताना आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टम. उलट केलं तर शेपूट कापलं जातं. ईएक्सटी४ चालू असताना वाढवता येते, कमी करायला अनमाउंट करावी लागते. एक्सएफएस कमी होतच नाही, तिथे कॉपी काढून नव्याने.

खडकवासला

अवांतर, पण विषयाला धरून. मेव्हण्याचा लॅपटॉप एका दुकानात सी वाढवायला दिला होता. परत आला तेव्हा सी मोठा आणि डी रिकामा. "डेटा होता का त्यात?" हे दुकानवाल्याचं उत्तर. काही करता येतं का अशा वेळी?

पेंग्विन_पांडू

येतं, पण एकाच अटीवर: त्या डिस्कवर त्यानंतर काहीही लिहिलं गेलेलं नसावं. मशीन बंद. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं. टेस्टडिस्क हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर हरवलेल्या पार्टिशनच्या खुणा शोधतं. सापडलेल्या भागावर "पी" दाबलं की आतल्या फाइल्सची यादी दिसते. यादी ओळखीची असेल तर तिथूनच फाइल्स दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. टेबल परत लिहायचा पर्याय त्यानंतर. पार्टिशन सापडलंच नाही तर त्याच संचातलं फोटोरेक वापरा. त्याने फोटो मिळतात पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने बघायची तयारी ठेवा.

नव्या डीवर दुकानवाल्याने आधीच काही कॉपी केलं असेल तर तेवढ्या जागेवरचं गेलं.

खडकवासला

मेव्हण्याने त्या डीवर तीन दिवस वेब सिरीज उतरवल्या. असो.

अबोली

झालं!!! सगळ्यांचे मनापासून आभार.

तपशील देते, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये "गुड" आलं, पेंडिंग शून्य. दादाची बाहेरची डिस्क आणली. कॉपीलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, अख्खी दुपार. फाइल्सची संख्या जुळली. सासऱ्यांनी स्वतः बसून रेकॉर्डिंग्ज तपासली, म्हणजे एक सुरू केलं आणि तासभर ऐकतच बसले.

संध्याकाळी शेजारच्या काकांचा यूपीएस आणून जीपार्टेड केलं. पेंटियमकाकांनी सांगितल्याप्रमाणे यादी मोठ्याने वाचली. चार ओळी होत्या, "मूव्ह" कुठेच नव्हतं. टिक दाबल्यावर मला वाटलं तासभर लागेल, पण चहा ओतेपर्यंत संपलं. विंडोज सुरू होताना तपासणी आली, भाचा म्हणाला एस्केप दाब, मी त्याचा हात धरला.

सी आता १९७ जीबी. नव्या भागाला जी हे अक्षर मिळालं होतं, पांडूभाऊंनी सांगितलं होतं तसं बदलून डी केलं. फोटोंचं सॉफ्टवेअर काही न बोलता उघडलं.

मालवणी_सुरमई

अभिनंदन! माझंही झालं. इन्फो दिल्यावर "एनेबल्ड" आलंय. आयडी कॉपी-पेस्टच केला.

तात्पुरता_आयडी

बाबांचा डी तयार. त्यांनी लगेच त्यात "नवीन फोल्डर" नावाचं फोल्डर केलं आणि त्यात आणखी एक "नवीन फोल्डर".

अबोली

एक शेवटचं विचारते. डेटा परत डीवर टाकलाय, सगळं चालतंय. दादाची डिस्क पुसून परत देऊ का? वहिनी दोनदा विचारून गेली.

जुनाट_पेंटियम

नको. आधी स्वतःची एक डिस्क घ्या, रेकॉर्डिंग्ज तिच्यावर उतरवा, वाजवून बघा, मग दादाची द्या. तोवर वहिनींना माझं नाव सांगा.